हिंगोली जिल्ह्यातील मतदार आणि आर्थिक धोरण : निवडणूक-निकालावरून जनमताचे अनुमान करण्याच्या मर्यादा

१. प्रश्नाचे स्वरूप

निवडणुकीचा निकाल जाहीर होताच त्याचा अर्थ लावण्याचे काम सुरू होते. सोयाबीनचा भाव पडला म्हणून अमुक पक्ष पराभूत झाला, महिलांच्या बँक-खात्यात रक्कम जमा झाली म्हणून तमुक पक्ष विजयी झाला, अशी विधाने इतक्या सहजतेने केली जातात की, ती सिद्ध करावयाची असतात याचाही विसर पडतो. वस्तुतः निकाल म्हणजे मतांची बेरीज होय. जनमत ही त्याहून निराळी गोष्ट आहे. मतदाराला मत एकच असते. आणि त्या एका मतात शेतमालाचा भाव, कर्ज, पाणी, मुलाची नोकरी, जातीचे नाते, उमेदवाराची ओळख व पक्षनिष्ठा ही सर्व एकाच वेळी मिसळलेली असतात. या मिश्रणातून आर्थिक धोरणाविषयीचे मत तेवढे वेगळे कसे काढावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. शासन निकालाचा जो अर्थ लावते त्यानुसार पुढील अंदाजपत्रकाची दिशा ठरते. मतदारांना रोख साहाय्य हवे आहे असा अर्थ लागला तर निधी तिकडे वळतो. खरेदी-केंद्रे हवी आहेत असा लागला तर गोदामांकडे. पाणी हवे आहे असा लागला तर कालव्यांकडे. अर्थनिर्णय चुकला तर जे मागितलेच नव्हते ते मिळते, आणि जे मागितले होते ते पुढील निवडणुकीपर्यंत लांबणीवर पडते. ज्या जिल्ह्याची स्वतःची साधनसामग्री तुटपुंजी आहे त्याला अशी चूक विशेष महाग पडते.

हिंगोली जिल्हा या विवेचनासाठी घेण्याचे कारण असे की, तेथील निवडणुकींचा इतिहास सर्वसाधारण उपपत्तींना अनुकूलही वाटतो आणि प्रतिकूलही. एकाच जिल्ह्याची ही दोन चित्रे समोरासमोर ठेवली असता, घाईने काढलेली अनुमाने कोठे अडखळतात हे स्पष्ट होते.

२. जिल्ह्याची आर्थिक घडण

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून तीपैकी सुमारे १५ टक्केच नागरी होती. मोठ्या उद्योगधंद्यांचा अभाव असल्यामुळे येथील बहुसंख्य मतदारांच्या दृष्टीने आर्थिक धोरण म्हणजे मुख्यतः शेतीविषयक धोरण होय.

तथापि 'शेतकरी' या एका शब्दाने येथील हितसंबंध व्यक्त होत नाहीत. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर या धरणांच्या पाण्यामुळे वसमत भागात ऊस, केळी व हळद ही पिके उभी राहिली. पूर्णा सहकारी साखर कारखानाही तेथेच स्थापन झाला. याउलट सेनगाव व हिंगोली तालुक्यांचा मोठा भाग पावसावर अवलंबून असून सोयाबीन, तूर, कापूस व हरभरा यांवर त्याची भिस्त आहे. पैनगंगेवरील ईसापूर धरण जिल्ह्याच्या सीमेवर असले तरी त्याच्या कालव्यांचे लाभक्षेत्र नांदेड व यवतमाळ जिल्ह्यांपर्यंत पसरलेले आहे. त्यामुळे पाण्याच्या वाटपाचा प्रश्न येथे नेहमीच जिव्हाळ्याचा राहिला आहे.

पिकांच्या या भेदामुळे शासनाच्या धोरणाशी येणारा संबंधही भिन्न होतो. सोयाबीन, तूर व कापूस यांना केंद्र शासन किमान आधारभूत किंमत जाहीर करते. हळदीला ती नाही. वसमत व हिंगोली येथील बाजारांत हळदीची मोठी उलाढाल होते, वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. पण हळद-उत्पादकाला भाव पडल्यास दाद मागण्यासाठी एखादा अधिकृत आकडा उपलब्ध नाही. सोयाबीन-उत्पादक मात्र मोंढ्यातील भाव आणि शासनाचा हमीभाव यांची तुलना रोज करू शकतो. तक्रारीला मोजमाप लाभले की ती राजकीय स्वरूप सहज धारण करते. मोजमाप नसलेली तक्रार तितकीच तीव्र असूनही विखुरलेली राहते.

याखेरीज भूमिहीन मजूर, ऊसतोडीसाठी हंगामी स्थलांतर करणारी कुटुंबे, कळमनुरीकडील आदिवासी, शहरांतील व्यापारी व नोकरदार यांची दृष्टी आणखी निराळी आहे. धान्य महाग झाले की ते विकणाऱ्याला संतोष होतो आणि विकत घेणाऱ्याला ताप. अल्पभूधारकाची स्थिती तर अशी की, तो कार्तिकात विक्रेता असतो आणि आषाढात ग्राहक. 'महागाई वाढली आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर त्याला कोणत्या महिन्यात विचारले यावर अवलंबून राहणे स्वाभाविक आहे.

३. उपपत्ती : मतदार काय पाहतो?

आर्थिक स्थिती आणि मतदान यांच्या संबंधाचे पद्धतशीर विवेचन अँथनी डाउन्स यांच्या १९५७ मधील ग्रंथापासून विशेष पुढे आले. मतदार स्वतःच्या लाभहानीचा हिशेब करून पक्षाची निवड करतो, ही त्यातील मूळ कल्पना. पुढे मॉरिस फिओरिना यांनी १९८१ साली पूर्वलक्षी मतदानाची मांडणी केली : मतदार पक्षांच्या आश्वासनांचे बारकाईने परीक्षण करीत नाही, गेली काही वर्षे कशी गेली एवढेच तो पाहतो आणि सत्ताधाऱ्यांना पारितोषिक अथवा शिक्षा देतो. त्याच वर्षी डोनाल्ड किंडर व रॉडरिक कीविट यांनी असे दाखवून दिले की, अमेरिकेतील मतदार स्वतःच्या खिशापेक्षा देशाच्या एकंदर आर्थिक स्थितीकडे पाहून मत देताना अधिक आढळतात.

भारतात या दिशेने झालेले प्रारंभिक काम उल्लेखनीय आहे. पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक सिरसीकर यांनी १९६२ व १९६७ या सार्वत्रिक निवडणुकींच्या वेळी पुण्यातील मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास केला. रजनी कोठारी यांनी १९६३ साली दिल्ली येथे स्थापन केलेल्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने १९६७ पासून राष्ट्रव्यापी निवडणूक-पाहण्यांचा पाया घातला.

याच परंपरेतील १९९६ च्या पाहणीचा एक निष्कर्ष येथे विशेष महत्त्वाचा आहे. १९९१ साली सुरू झालेल्या आर्थिक सुधारणांना त्या वेळी पाच वर्षे होत आली होती; वृत्तपत्रांतून त्यांवर अखंड चर्चा चालू होती. तरीही या सुधारणांविषयी काही ऐकले आहे असे सांगणारे मतदार केवळ १९ टक्के निघाले. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे १४ टक्के, तर शहरांत सुमारे ३२ टक्के होते. यावरून ग्रामीण मतदाराला आर्थिक मतच नसते असे अनुमान काढणे मात्र सर्वथा चुकीचे ठरेल. 'उदारीकरण' हा शब्द ज्याने ऐकलेला नाही त्याला खताच्या पोत्याचा दर, कापसाच्या खरेदीतील दिरंगाई आणि बँकेच्या दारातील खेपा पूर्णपणे ठाऊक असतात. धोरणाचे नाव आणि धोरणाचा परिणाम यांत अंतर आहे. मतदाराचे मत बहुधा दुसऱ्यावर बेतलेले असते. मराठवाड्यातील अभ्यासकाने प्रश्नावली तयार करताना हा भेद प्रथम लक्षात घ्यावयास हवा.

४. निवडणुकींचा इतिहास : दोन विसंगत चित्रे

हिंगोली लोकसभा मतदारसंघातून श्री. उत्तमराव राठोड हे १९८०, १९८४ व १९८९ असे लागोपाठ तीन वेळा काँग्रेसतर्फे निवडून आले. त्यानंतर मात्र एकाही विद्यमान खासदाराला लगतच्या निवडणुकीत येथून पुन्हा विजय मिळालेला नाही. १९९१ मध्ये श्री. विलास गुंडेवार, १९९६ मध्ये श्री. शिवाजी माने, १९९८ मध्ये श्रीमती सूर्यकांता पाटील, १९९९ मध्ये पुन्हा श्री. माने, २००४ मध्ये पुन्हा श्रीमती पाटील, २००९ मध्ये श्री. सुभाष वानखेडे, २०१४ मध्ये श्री. राजीव सातव, २०१९ मध्ये श्री. हेमंत पाटील व २०२४ मध्ये श्री. नागेश पाटील आष्टीकर, असा हा क्रम आहे. १९९८ पासून तर प्रत्येक वेळी विरुद्ध बाजूच्या आघाडीचा उमेदवार विजयी झालेला दिसतो.

पूर्वलक्षी मतदानाच्या उपपत्तीचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल, असे प्रथमदर्शनी वाटते. कोरडवाहू शेतीचे दैन्य, त्यातून येणारा असंतोष, आणि त्या असंतोषाची प्रत्येक निवडणुकीत विद्यमान सत्तेवर पडणारी कुऱ्हाड, अशी ही सरळ मांडणी आहे.

परंतु थोडे बारकाईने पाहता ही मांडणी डळमळू लागते. २००९ साली देशात सत्तारूढ आघाडी अधिक बळाने परत आली. हिंगोलीत मात्र तिचा पराभव झाला. २०१४ साली देशभर सत्तारूढ आघाडी कोसळली, महाराष्ट्रातील ४८ पैकी ४२ जागा विरोधी आघाडीने जिंकल्या. अशा वेळी हिंगोलीने, शेजारच्या नांदेडप्रमाणे, काँग्रेसलाच निवडले. म्हणजे दिल्लीतील आर्थिक धोरणाला शिक्षा करावयाची असती तर २०१४ मध्ये जे घडावयास हवे होते त्याच्या उलट येथे घडले. शिक्षा झाली ती विद्यमान खासदाराला, शासनाला नव्हे. शिवाय श्री. सातव यांचे मताधिक्य केवळ १,६३२ होते. ४,६७,३९७ विरुद्ध ४,६५,७६५ अशा निकालाला 'जिल्ह्याचा कौल' म्हणणे धाडसाचे आहे. आणखी एक गोष्ट : २०१४ मध्ये शिवसेनेतर्फे पराभूत झालेले श्री. वानखेडे २०१९ मध्ये काँग्रेसचे उमेदवार होते, आणि त्या वेळी ते २,७७,८५६ मतांनी पराभूत झाले. उमेदवार व पक्ष यांच्या जोड्या अशा बदलत असता, मतदाराने कोणाच्या कोणत्या कामगिरीचा निवाडा केला हे केवळ आकड्यांवरून सांगता येत नाही.

दुसरे चित्र विधानसभेचे आहे, आणि ते पहिल्याच्या अगदी उलट आहे. २०१९ मध्ये जिल्ह्यातील तीनही मतदारसंघांतून निवडून आलेले आमदार, म्हणजे हिंगोलीतून श्री. तानाजी मुटकुळे, कळमनुरीतून श्री. संतोष बांगर व वसमतमधून श्री. चंद्रकांत नवघरे, २०२४ मध्ये तिघेही पुन्हा विजयी झाले. श्री. मुटकुळे यांचा तर तो २०१४ पासूनचा सलग तिसरा विजय होता. जो मतदार खासदाराला एकदाही दुसरी संधी देत नाही, तोच आमदाराला देतो. कोरडवाहूचे दैन्य दोन्ही निवडणुकींत सारखेच आहे. तेव्हा हा भेद केवळ दैन्याने स्पष्ट होणार नाही.

५. अनुभवापासून मतापर्यंतचे चार दुवे

आर्थिक अनुभव आणि मतदान यांच्यामध्ये चार दुवे आहेत असे मानले म्हणजे वरील विसंगतीचा उलगडा होऊ लागतो. पहिला दुवा अनुभवाचा : भाव पडला, कर्ज थकले, मजुरी मिळाली नाही. दुसरा जबाबदारीच्या निश्चितीचा : हे कोणामुळे घडले? तिसरा पर्यायाच्या तुलनेचा : दुसरा कोणी अधिक बरे करील काय? चौथा अग्रक्रमाचा : हा प्रश्न मतदानाच्या दिवशी इतर प्रश्नांहून मोठा वाटतो काय? यांपैकी एकही दुवा तुटला तर तीव्र आर्थिक असंतोषही मतपेटीपर्यंत पोहोचत नाही.

सोयाबीनचे उदाहरण घेऊ. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातील बाजारांत सोयाबीनचा भाव क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात गेला होता. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. पुढे खाद्यतेलांवरील आयातशुल्कही उतरविण्यात आले, आणि भाव घसरत गेले. २०२४-२५ च्या हंगामासाठी हमीभाव ४,८९२ रुपये असताना मोंढ्यात त्याखालीच व्यवहार होत राहिले. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या तेलावरील प्रभावी शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के करण्यात आले. ३० मे २०२५ पासून ते पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणले गेले. या साखळीत आयातशुल्क केंद्राच्या हाती, जागतिक भाव कोणाच्याच हाती नाही, खरेदी-केंद्रे राज्याच्या यंत्रणेकडे, आर्द्रतेची अट पुन्हा केंद्राची, आणि प्रत्यक्ष बोली लावणारा अडत-बाजारातील व्यापारी. अनुभव एकच; जबाबदारीचे धनी पाच. अशा स्थितीत दोष कोणाला द्यावयाचा हे ठरविण्यास मतदाराला माहितीपेक्षा विश्वासाचाच आधार अधिक घ्यावा लागतो. आणि ज्या पक्षावर त्याचा विश्वास आधीपासून आहे त्याला तो बहुधा दोषमुक्त करतो. म्हणजे कित्येकदा आर्थिक मतावरून पक्षनिवड ठरत नाही, तर पक्षनिवडीवरून आर्थिक मत ठरते. कार्यकारणाची ही उलट दिशा अभ्यासकाने दृष्टीआड करता कामा नये.

कर्जमाफीचे उदाहरण दुसऱ्या प्रकारचे आहे. २००८ च्या केंद्रीय योजनेत दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांचे थकीत पीककर्ज पूर्ण माफ झाले. त्याहून अधिक जमीन असलेल्यांनी ७५ टक्के भरल्यास २५ टक्के सूट मिळावयाची होती. बागायती प्रदेशात दोन हेक्टरांचा धनी सधन असू शकतो. कोरडवाहू भागात तीन हेक्टरांचा धनीही कर्जबाजारी असतो. मर्यादा एकच, पण तिचा न्याय प्रदेशागणिक भिन्न. त्या काळात हिंगोलीच्या खासदार श्रीमती सूर्यकांता पाटील या केंद्रात ग्रामविकास खात्याच्या राज्यमंत्री होत्या. रोजगार हमीचा २००५ चा केंद्रीय कायदा याच खात्याकडे होता. कर्जमाफी व रोजगार हमी या दोन मोठ्या योजना हाती असूनही २००९ मध्ये त्यांचा पराभव झाला. योजना दिल्या म्हणजे मते मिळतात, या समजुतीला हे उदाहरण पुरेसे छेद देते. परंतु 'मतदारांनी योजना नाकारल्या' हा त्याचा अर्थ नव्हे. लाभार्थी संतुष्ट असूनही मर्यादेबाहेर राहिलेल्याचा रोष अधिक क्रियाशील असू शकतो. हे तपासण्यासाठी लाभ मिळालेले व न मिळालेले अशा दोन्ही गटांच्या मतांची स्वतंत्र पाहणी हवी. २०१७ च्या राज्य योजनेतील दीड लाखाची व २०१९ च्या योजनेतील दोन लाखांची मर्यादा यांनाही हाच निकष लावता येईल.

हळदीचे उदाहरण तिसऱ्या व चौथ्या दुव्याचे महत्त्व दाखविते. तेलंगणातील निझामाबाद मतदारसंघात २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत एकूण १८५ उमेदवार उभे होते. त्यांपैकी १७८ शेतकरी होते. हळद मंडळ व हळदीला रास्त भाव या मागण्यांकडे लक्ष वेधण्यासाठी त्यांनी अर्ज भरले होते. विद्यमान खासदार तेथे पराभूत झाल्या. आणि पुढे राष्ट्रीय हळद मंडळाची घोषणा २०२३ मध्ये होऊन जानेवारी २०२५ मध्ये त्याचे मुख्यालय निझामाबाद येथेच सुरू झाले. वसमतच्या शिवारात तेच पीक आहे, भावातील चढउतारही तसेच आहेत. राज्य शासनाने वसमत येथे हळद संशोधन केंद्राची स्थापना केली, हे खरे. परंतु हळदीचा प्रश्न हिंगोलीच्या निवडणुकीचा मुख्य प्रश्न कधी बनला नाही. निझामाबादेत ज्या प्रश्नाने उमेदवारपत्रिका भरून गेली तो येथे सभेतील अनेक मुद्द्यांपैकी एक मुद्दा राहिला. सारख्या आर्थिक स्थितीतून भिन्न राजकीय परिणाम निघतो, कारण मधले संघटनेचे साधन भिन्न असते.

संघटनेचा प्रभाव मताच्या आशयावरही पडतो. श्री. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने मराठवाड्यात, विशेषतः १९८४ च्या परभणी अधिवेशनानंतर, अनुदानापेक्षा उत्पादनखर्चावर आधारित भाव ही मागणी रुजविली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. त्या विचाराच्या संस्कारातून गेलेल्या शेतकऱ्याला 'सरकारने अधिक मदत द्यावी काय?' असे विचारले तर तो होकार देईलही. पण 'निर्यातबंदी व आयात यांचा हस्तक्षेप थांबवून सरकारने बाजूला व्हावे काय?' यालाही तो होकारच देईल. या दोन उत्तरांत विसंगती नाही. भाव पाडणारे शासन दूर व्हावे आणि नुकसान झाल्यावर भरपाई करणारे शासन जवळ असावे, ही त्याची सुसंगत भूमिका आहे. डावे-उजवे या पाश्चात्त्य मापाने ती मोजू गेल्यास ती विस्कळीत भासते, एवढेच.

६. २०२४ : सात महिन्यांतील दोन निकाल

२६ एप्रिल २०२४ रोजी हिंगोलीत लोकसभेसाठी मतदान झाले. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे श्री. आष्टीकर यांना ४,९२,५३५ व शिवसेनेचे श्री. बाबुराव कदम कोहळीकर यांना ३,८३,९३३ मते मिळाली, मताधिक्य १,०८,६०२. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने दीड लाखाहून अधिक मते घेतली. २० नोव्हेंबर रोजी विधानसभेसाठी मतदान झाले, आणि याच लोकसभा क्षेत्रातील उमरखेड, किनवट, हदगाव, वसमत, कळमनुरी व हिंगोली या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. एप्रिलमध्ये पराभूत झालेले श्री. कदम नोव्हेंबरमध्ये हदगावातून आमदार झाले.

मधल्या काळात सोयाबीनचा भाव सुधारला होता काय? नाही, नवा माल बाजारात येत असतानाही तो हमीभावाखालीच होता. तेव्हा भावाच्या असंतोषाने लोकसभेचा निकाल लागला असे म्हणणाऱ्याला, तोच असंतोष कायम असता विधानसभेचा निकाल उलट का लागला, याचे उत्तर द्यावे लागेल. या परिवर्तनाची निदान चार स्पष्टीकरणे संभवतात.

पहिले स्पष्टीकरण रोख साहाय्याचे. जून २०२४ च्या अतिरिक्त अंदाजपत्रकात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. पात्र महिलांना जुलैपासून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. खरीप २०२३ मधील कापूस व सोयाबीन उत्पादकांना दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी ५,००० रुपये, तसेच साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज हीही त्याच काळातील पावले होत. दुसरे स्पष्टीकरण भावी आश्वासनांचे : सोयाबीनला एका बाजूने ६,००० तर दुसऱ्या बाजूने ७,००० रुपयांचे, आणि महिलांना अनुक्रमे २,१०० व ३,००० रुपयांचे वचन दिले गेले. येथे अधिक मोठे आश्वासन देणारा पक्ष पराभूत झाला; यावरून मतदार वचनाच्या आकारापेक्षा हाती पडलेल्या रकमेच्या विश्वासार्हतेला अधिक किंमत देतो, असा तर्क करता येतो. तिसरे स्पष्टीकरण सामाजिक फेरजुळणीचे : मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने मराठवाड्यात २०२३ पासून जी घुसळण झाली तिचा परिणाम दोन निवडणुकींत एकसारखा झाला नसण्याची शक्यता आहे. चौथे स्पष्टीकरण मतदारवर्गाच्या बदलाचे : राज्यात लोकसभेला सुमारे ६१ टक्के, तर विधानसभेला सुमारे ६६ टक्के मतदान झाले. मत बदलले नसतानाही मतदान करणारी माणसे बदलली तर निकाल बदलतो.

ही चारही स्पष्टीकरणे परस्परांना वगळीत नाहीत; परंतु त्यांतून निघणारे धोरणविषयक निष्कर्ष मात्र भिन्न आहेत. पहिले खरे असेल तर भावाच्या प्रश्नाची तीव्रता साहाय्याने बोथट झाली. तिसरे किंवा चौथे खरे असेल तर ती जशीच्या तशी शिल्लक आहे. निकालाचा आकडा या दोहोंत निवड करू शकत नाही.

७. पाहणी कशी व्हावी?

येथून पुढे काम संशोधकाचे आहे. काही दक्षता अपरिहार्य ठरतात.

(अ) क्षेत्रनिश्चिती. हिंगोली लोकसभा मतदारसंघ म्हणजे हिंगोली जिल्हा नव्हे. त्याच्या सहा विधानसभा क्षेत्रांपैकी तीनच जिल्ह्यातील आहेत. उमरखेड यवतमाळ जिल्ह्यात, तर किनवट व हदगाव नांदेड जिल्ह्यात येतात. खासदारकीच्या निकालावरून जिल्ह्याचे मत काढणे म्हणून मुळातच सदोष आहे.

(आ) समूहावरून व्यक्तीचे अनुमान. मतदान-केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध होत असल्यामुळे, ज्या गावांत लाभार्थी अधिक त्या गावांत सत्तारूढ पक्षाची मते अधिक, असा संबंध दाखविण्याचा मोह होतो. समजा, एका गावात शंभरांपैकी साठ महिला लाभार्थी आहेत आणि साठ टक्के मते एका पक्षाला पडली. ही साठ मते त्याच महिलांची आहेत हे यावरून सिद्ध होत नाही. लाभार्थी निम्म्याच त्या पक्षाकडे गेल्या आणि उरलेली मते इतरांची असली तरी बेरीज तीच येईल. व्यक्तीच्या मताविषयीचे विधान व्यक्तीच्या मुलाखतीवरच आधारले पाहिजे.

(इ) हंगाम. सोयाबीनची काढणी, हळद शिजविण्याचे दिवस, ऊसतोडीचे स्थलांतर व पेरणीपूर्व कर्जाची धावपळ यांनुसार उत्तरे बदलतात. एकाच नमुन्याची वर्षातून निदान दोन वेळा पाहणी झाल्याखेरीज स्थायी मत व हंगामी भावना यांतील भेद कळणार नाही. शिवाय स्थलांतरित कुटुंबे घरी नसताना केलेली पाहणी गरिबातील गरीब वर्गाला वगळूनच होते.

(ई) प्रश्नांची भाषा. 'आर्थिक विकास', 'राजकोषीय शिस्त' अशा शब्दांना मिळणारी उत्तरे सौजन्याची असतात. याउलट, एक रुपयात पीक विमा ही २०२३ च्या खरिपात सुरू झालेली सोय २०२५ च्या खरिपापासून बंद झाली, त्याने काय फरक पडला, असे विचारले तर अनुभव बोलतो. मराठवाड्यातील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळत होते. २०२३ मध्ये त्याऐवजी रोख रक्कम देण्याचा निर्णय झाला. धान्य बरे की पैसा, आणि तो कोणाच्या खात्यात, हा प्रश्न घरातील पुरुषाला व स्त्रीला स्वतंत्रपणे विचारला तर कदाचित दोन भिन्न उत्तरे मिळतील. आणि ती भिन्नता हाच मोलाचा निष्कर्ष ठरेल. स्त्रियांच्या मुलाखती पुरुषांच्या उपस्थितीत घेणे म्हणूनच टाळावे.

(उ) जबाबदारीचा प्रश्न. 'भाव पडला याला कोण कारण?' हा प्रश्न 'भाव पडला काय?' या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक प्रश्नावल्यांतून गळतो. खासदार, आमदार, केंद्र, राज्य, व्यापारी, निसर्ग यांपैकी दोष कोणाकडे जातो हे कळल्यावरच लोकसभा व विधानसभा यांतील पूर्वोक्त विसंगतीची उकल होऊ शकेल. खासदाराकडे भाव व आयात-निर्यात यांचा, तर आमदाराकडे रस्ता, रोहित्र, पीककर्ज व तहसील कचेरीतील कामाचा हिशेब मागितला जात असेल, तर दोघांना लागणारा निकष वेगळा असणारच. हे अद्याप गृहीतक आहे. परंतु ते तपासण्याजोगे आहे.

८. समारोप

राष्ट्रीय पातळीवरील पाहण्यांतून आर्थिक प्रश्नांचे महत्त्व निःसंशय दिसते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी लोकनीतीने केलेल्या पाहणीत २७ टक्के मतदारांनी बेकारी व २३ टक्के मतदारांनी महागाई हा सर्वांत मोठा प्रश्न म्हणून नोंदविला. पण सबंध देशातून घेतलेल्या सुमारे दहा हजारांच्या नमुन्यात एका जिल्ह्याच्या वाट्याला मोजकीच माणसे येतात, किंवा येतही नाहीत. सेनगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे आणि वसमतच्या हळद-उत्पादकाचे मत अशा पाहणीतून वेगळे करता येत नाही.

म्हणून हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या बाबतीत तूर्त तीन विधाने खात्रीने करता येतात. येथील मतदाराला आर्थिक धोरणाची पारिभाषिक नावे ठाऊक नसली तरी परिणामांची नेमकी जाण आहे. ही जाण मतदानात सरळ उतरत नाही. जबाबदारीची निश्चिती, विश्वासार्ह पर्याय व संघटना यांच्या चाळणीतून ती गाळली जाते. आणि एकाच मतदाराने सात महिन्यांच्या अंतराने दिलेल्या दोन कौलांपैकी केवळ एकाच्या आधारे त्याचे आर्थिक मत ठरविणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. जिल्हा पातळीवरील नियमित, हंगामागणिक होणारी पाहणी हे खर्चाचे व चिकाटीचे काम आहे; परंतु प्रादेशिक विद्यापीठांच्या विभागांना ते साध्य आहे, आणि ते त्यांच्याखेरीज दुसरे कोणी करील अशी चिन्हे नाहीत. तोपर्यंत प्रत्येक निकालानंतर 'शेतकऱ्यांचा कौल' या नावाने जे सांगितले जाईल ते त्या शेतकऱ्याला न विचारता काढलेले अनुमान असेल, एवढे भान अभ्यासकाने राखावे.